फरक दिसला नाही, म्हणजे फरक नाही?

मांडीच्या हाडाचे गोल डोके एका अरुंद मानेने खालच्या दांड्याला जोडलेले असते. उतारवयात घरातल्या घरात घसरून पडले तरी ही मान मोडू शकते. खुब्याचे हाड मोडले असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा हेच. डोके वाचवून मान सांधायची असेल तर दोन साधने प्रचलित आहेत. एक, कॅन्सेलस स्क्रू : बारीक स्क्रू एकमेकांना समांतर बसवायचे. दुसरे, स्लायडिंग हिप स्क्रू : एकच जाड स्क्रू डोक्यात शिरतो आणि त्याचे मागचे टोक हाडाच्या बाहेर बसवलेल्या पट्टीच्या नळीत सरकते. त्यामुळे शरीराचा भार पडला की मोडलेली टोके एकमेकांवर दाबली जातात.

यांतले चांगले कोणते? 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेथ' या चाचणीने हा प्रश्न हाती घेतला. भारतासह ८ देशांतील ८१ केंद्रांवर, पन्नाशी ओलांडलेल्या ११०८ रुग्णांना जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. ही तिची मोठी जमेची बाजू. निवड शल्यविशारदांवर सोपवली असती, तर साधनातला फरक आणि रुग्णांतला फरक वेगळा करता आला नसता.

दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती जाड स्क्रूच्या ५४२ पैकी १०७ जणांवर आणि बारीक स्क्रूंच्या ५३७ पैकी ११७ जणांवर. म्हणजे २० आणि २२ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. यावरून 'दोन्ही सारखेच' असे म्हणणे मात्र घाईचे होईल. निबंधातील आकडेमोडीनुसार जाड स्क्रूने ही जोखीम ३७ टक्क्यांनी कमी होत असेल, किंवा ९ टक्क्यांनी वाढतही असेल. एवढ्या रुंद पट्ट्याला 'समान' म्हणता येत नाही, 'अनिर्णित' म्हणता येते.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही, हा माणसाने घेतलेला निर्णय आहे. आत कोणता स्क्रू आहे हे रुग्णाला व शल्यविशारदाला ठाऊक होते. आकडे तपासणाऱ्याला तेवढे ठाऊक नव्हते. शिवाय रक्तपुरवठा तुटून हाडाचे डोके मृत होण्याचे प्रमाण जाड स्क्रूच्या गटात ९ टक्के, तर दुसऱ्या गटात ५ टक्के होते. एकाच मोजपट्टीवर भिस्त ठेवली असती तर हे नजरेआड झाले असते.

तिसरी बाब पोटगटांची. धूम्रपान करणारे, हाड जागचे सरकलेले आणि मानेच्या बुडाशी मोडलेले, अशा रुग्णांना जाड स्क्रू लाभदायक ठरू शकेल, असे लेखक म्हणतात. 'शकेल' हा शब्द त्यांनी जपून वापरला आहे. वाचकानेही तो गाळू नये. अनेक पोटगट तपासले की एखाद्यात फरक केवळ योगायोगानेही दिसतो. अशा निष्कर्षाला पुढच्या चाचणीचा प्रश्न मानावे, उत्तर नव्हे.

निबंध प्रामाणिक आहे. धोका त्याच्या एका ओळीच्या सारांशात आहे. वरील आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना टक्केवारी काढायला सांगावी आणि मग विचारावे : चांगले म्हणजे कशाच्या बाबतीत चांगले? त्याचे उत्तर ठरल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.