कीर्तिमंदिर आणि पालवणकर बाळू

२०२१ च्या जूनमध्ये साउदॅम्प्टनला भारत आणि न्यूझीलंड यांच्यात कसोटी अजिंक्यपदाचा सामना व्हायचा होता. त्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या 'हॉल ऑफ फेम'साठी दहा नावे जाहीर केली. त्यांत विनू मंकड होते. १९५२ साली लॉर्ड्‌सवर ज्या माणसाने ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि त्याच सामन्यात ९७ षटकेही टाकली, त्याला हा मान मिळायला मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. तरी मिळाला याचा आनंद झालाच. पण ती यादी मी पुन्हा वाचू लागलो आणि माझे मन मंकडांवरून निघून दुसरीकडेच गेले. परिषदेने क्रिकेटच्या इतिहासाचे पाच कालखंड पाडले होते आणि प्रत्येकातून दोघांना निवडले होते. पहिला कालखंड १९१८ पूर्वीचा. त्यातून दक्षिण आफ्रिकेचा ऑब्रे फॉकनर आणि ऑस्ट्रेलियाचा माँटी नोबल हे निवडले गेले. दोघेही थोर, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मात्र त्याच कालखंडात आपल्याकडे एक डावखुरा गोलंदाज होऊन गेला, आणि हा लेख लिहीपर्यंत त्याचे नाव त्या दालनात लागलेले नाही.

'हॉल ऑफ फेम'ला मी येथे कीर्तिमंदिर म्हणणार आहे. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास आपल्या घराण्याच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर बांधले, तेव्हा आत कोणाला घ्यावयाचे हा वाद उपस्थित झाला नसावा. गायकवाड असणे पुरेसे होते. खेळाडूंच्या कीर्तिमंदिराची अडचण अशी की, तेथे जन्म चालत नाही, कर्तृत्व लागते. आणि कर्तृत्व दाखवायला मैदानात उतरू द्यावे लागते. ज्याला उतरू दिले नाही त्याचे काय, हा प्रश्न ह्या संस्थांना चुकवता आलेला नाही.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. पुण्याला युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी लोळवीत, चुना मारीत, जाळी बांधीत. क्लबातल्या साहेब फलंदाजांना सराव हवा असे, म्हणून बाळू त्यांना तासन् तास गोलंदाजी करीत. त्यांत ग्रेग नावाचा मोठा फलंदाज होता. आपल्याला बाद केल्यास तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. रामचंद्र गुहा यांनी आपल्या इतिहासात नोंदवले आहे की, ह्या क्लबात बाळूंना एकदाही फलंदाजी करू दिली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी ही मौज, ती मालकाची. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून युरोपियनांना हरवता येईना. पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

हा मातीच्या भांड्याचा प्रसंग मी कित्येक वर्षे व्याख्यानांतून सांगत आलो. श्रोत्यांवर त्याचा परिणाम होतो. सभागृह शांत होते. एकदा व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. तरुणपणी ते स्वतः क्लबासाठी फिरकी टाकीत असत. त्यांनी विचारले, "ते सगळे ठीक आहे हो, पण बाळू चेंडू कसा टाकायचे?" मला उत्तर देता आले नाही. तासभर मी त्या माणसाच्या जातीवर बोललो होतो आणि त्याच्या बोटांवर एक वाक्यही बोललो नव्हतो. त्या रात्री मला आपलीच लाज वाटली. चहा बाहेर देणाऱ्यांना निदान बाळूंची गोलंदाजी दिसत तरी होती.

तेव्हा आधी गोलंदाजी. बाळू डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकीत. चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, वेग आणि उंची सतत बदलीत, आणि दिवसभर टाकूनही टप्पा ढळू देत नसत. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. मायदेशातील सामन्यांवरून कोणी म्हणेल की, प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहा. म्हणून १९११ चा इंग्लंडचा दौरा पाहणे प्राप्त आहे.

त्या दौऱ्यावर गेलेला संघ हा 'भारतीय' म्हणवणारा पहिला संघ. नायक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. महाराज मोजक्याच सामन्यांत खेळले. त्यांना राजधानीतील समारंभ अधिक प्रिय होते. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते, म्हणजे गोलंदाजाची उमेद ओसरू लागण्याच्या वयाचे. संघाने प्रथम श्रेणीचे १४ सामने खेळले, त्यांतले दोन जिंकले, दहा गमावले. अशा संघातून बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४, आणि नुसते प्रथम श्रेणीचे सामने धरले तर ७५ बळी, सरासरी वीसच्या आसपास. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी. येथे एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती सांगतो. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला दुसरा डाव पुष्कळदा मिळतच नाही. प्रतिस्पर्ध्याला पुन्हा खेळण्याची गरजच पडत नाही. जिंकणाऱ्या संघातल्या गोलंदाजाचे आणि हरणाऱ्या संघातल्या गोलंदाजाचे ७५ बळी सारखे नसतात. अनोळखी थंड हवेत, अनोळखी खेळपट्ट्यांवर, पहिल्याच आणि शेवटच्या दौऱ्यात हे घडले.

बाळूंना त्या काळी भारताचे ऱ्होड्स म्हणत. विल्फ्रेड ऱ्होड्स कीर्तिमंदिरात आहे, २००९ साली ते उघडले तेव्हाच्या पहिल्या तुकडीतच. मी दोघांना एका पारड्यात घालीत नाही. चार हजारांवर बळी घेणाऱ्या यॉर्कशायरच्या त्या माणसाशी तुलना करणे म्हणजे बाळूंवर उपकार केल्यासारखे होईल, आणि उपकारच तर नको आहेत.

आता हरकतीकडे वळू. हरकत सरळ आहे: कीर्तिमंदिरात आजवर गेलेला प्रत्येक जण आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला आहे, बाळू एकही कसोटी खेळले नाहीत. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. त्या वर्षी बाळू ५६ वर्षांचे होते आणि पुणे कराराच्या वाटाघाटींत होते. नियम तो नियम. हरकत घेणाऱ्याची नियत मला वाईट वाटत नाही. दार सैल केले की कोणीही शिरतो, ही भीती खोटी नव्हे.

परंतु ह्या दाराची झडप मुळातच किती सैल आहे ते पाहावे. डब्ल्यू. जी. ग्रेस पहिल्या तुकडीत आहे. २२ कसोट्यांत त्याची सरासरी ३२ च्या थोडी वर. एवढ्यावर त्याला कोणी आत घेतले नसते. त्याचे थोरपण कसोटीच्या बाहेरचे आहे आणि ते सगळ्या जगाने मानले. २०२१ च्या यादीतच लिअरी कॉन्स्टन्टाइन आहे: १८ कसोट्या, ५८ बळी, फलंदाजीची सरासरी १९. नुसत्या आकड्यांनी पाहाल तर हा सामान्य खेळाडू. त्याला पाहिलेल्यांनी लिहून ठेवले म्हणून आपण जाणतो की तो सामान्य नव्हता. निवडणाऱ्यांनी त्या साक्षीवर विश्वास ठेवला, हे योग्यच केले.

आणि सगळ्यांत बोलके उदाहरण बॅरी रिचर्ड्सचे. दक्षिण आफ्रिकेचा हा सलामीचा फलंदाज फक्त चार कसोट्या खेळला, सगळ्या १९७० साली. ५०८ धावा काढल्या आणि मग वर्णद्वेषी धोरणामुळे त्याच्या देशावर बहिष्कार पडला. तोही पहिल्या तुकडीत आहे. त्याला चार कसोट्यांवर घेतले असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. परगण्यांतून आणि ऑस्ट्रेलियात त्याने जे केले ते पाहून, आणि त्याला मिळाली नाही ती संधी मनातल्या मनात जमेस धरून त्याला घेतले. (न्यायाने सांगितले पाहिजे की, १९७१ मध्ये केपटाउनच्या न्यूलँड्‌स मैदानावर वर्णभेदाच्या निषेधार्थ जे खेळाडू खेळ सोडून बाहेर गेले, त्यांत रिचर्ड्सही होता.) म्हणजे हुकलेली संधी जमेस धरण्याची रीत ह्या मंदिरात पहिल्या दिवसापासून आहे. चार कसोट्यांनंतर दार बंद झाले ती हानी मोजली जाते. दार मुळात उघडलेच नव्हते ती हानी मात्र मोजली जात नाही. ह्या दोहोंत तत्त्वाचा भेद कोणता, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

ह्या वाटेवर अमेरिकेतील बेसबॉलवाले आपल्या पुढे गेलेले आहेत, आणि तेही ठेचाळत. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउनला त्यांचे कीर्तिमंदिर आहे. वरिष्ठ संघांत दहा हंगाम खेळलेला असावा, असा त्यांचा दंडक. पण १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत विसाव्या शतकात त्या संघांत काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. ते आपल्या वेगळ्या संघांतून खेळत. १९६६ साली टेड विल्यम्स ह्या गोऱ्या फलंदाजाने स्वतःच्या सन्मानाच्या भाषणातच सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेतली आणि ते आज येथे नाहीत, कारण त्यांना संधीच मिळाली नाही, असे सांगितले. पाच वर्षांनी पेजची निवड झाली. तेव्हाही चालकांनी प्रथम अशी तोड काढली की, ह्यांच्यासाठी निराळा विभाग करावा! मंदिरात या, पण ह्या बाजूला बसा. आपल्याकडच्या वाचकाला ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. लोकांनी एवढा गिल्ला केला की तो बेत सोडावा लागला आणि पेज सर्वांच्या बरोबरीने आत गेला. गिब्सन १९७२ साली निवडला गेला. तो रॉबिन्सन मैदानात उतरण्यापूर्वी तीन महिने मरण पावला होता.

पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्यांनी केवळ सहानुभूतीवर काम भागवले नाही. अभ्यासक वर्षानुवर्षे जुन्या वर्तमानपत्रांतील धावफलक शोधत बसले, जुळवत बसले. २०२० च्या डिसेंबरात त्या संघांना वरिष्ठ दर्जा दिला गेला आणि २०२४ साली त्यांचे आकडे मुख्य नोंदीत मिळवले गेले. त्याबरोबर फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबला मागे टाकून गिब्सन सर्वांच्या वर आला. हा सन्मान कोणी दिलेला नाही. बेरजेतून निघालेला आहे.

आपल्याकडे ही बेरीज कोणी करावी? बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले. १९२३ साली चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे नायकपद त्यांच्याकडे आले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले. गुहांचे पुस्तक २००२ चे. ह्यापलीकडे आपल्या हाती फारसे नाही, आणि ह्याचे एक कारण मला राजकारणात दिसते. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ज्यांनी त्यांची आठवण अभिमानाने वाहायची त्यांच्या मनात तेव्हापासून एक कडवटपणा राहिला असावा. आणि ज्या पक्षाने त्यांना उभे केले त्याला निवडणुकीनंतर त्यांची गरज उरली नाही. १९५५ साली ते वारले तेव्हा त्यांना आपले म्हणणारे थोडेच होते. हा माझा तर्क आहे. पण गोलंदाजाचे मोल त्याच्या उमेदवारीवरून ठरू नये, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

मला विचारतील की, मग बाळूंबरोबर आणखी कोणकोण? विजय मर्चंट नक्की. प्रथम श्रेणीत ७१.६४ ची सरासरी, जगात ब्रॅडमनच्या खालोखाल. कसोट्या दहाच, कारण मधली वर्षे महायुद्धाने खाल्ली. ते अद्याप बाहेर आहेत हे मला अनाकलनीय वाटते. पद्माकर शिवलकर? येथे मी वाचकांचा रोष ओढवून घेणार. ५८९ बळी, सरासरी २० च्या आत, आणि एकही कसोटी नाही. शिवाजी पार्कवर वाढलेल्या माणसाला हे सांगताना जड जाते, पण शिवलकरांचे प्रकरण निराळे आहे. त्यांच्यासाठी दार उघडे होते. आत बेदी बसले होते. ते दुर्दैव होय, अन्याय नव्हे. मुंबई क्रिकेटच्या मंदिरात त्यांची जागा पहिल्या ओळीत असावी. जगाच्या मंदिराचा आग्रह मी धरणार नाही. आणि १८८८ च्या पारशी दौऱ्यात १७० बळी घेणारे डॉ. पावरी? त्यांचे बहुतेक प्रतिस्पर्धी दुबळे क्लब होते. आकडा मोठा असला तरी तोलून पाहिल्यावर हलका भरतो. बाळूंचा आकडा तोलून पाहिल्यावर जड होतो, हाच फरक.

परिषदेने उद्या १९१८ पूर्वीच्या कालखंडाकडे पुन्हा पाहिले आणि बाळूंच्या नावाचा फलक लावायचे ठरवले, तर मजकुराविषयी माझी एक सूचना आहे. चहाची गोष्ट खाली, बारीक अक्षरांत चालेल. वरती, मोठ्या अक्षरांत: डावखुरा मंदगती गोलंदाज, इंग्लंड, १९११, ११४ बळी.