‘छान झालंय’ इथं थांबू नका

रिसोड तालुक्यातल्या या गावात, रिठदला, आज आपण विणकाम आणि सूतकताईबद्दल बोलणार आहोत, आणि तेही समीक्षेच्या अंगानं. काहींना गंमत वाटली असेल. समीक्षा कवितेची होते, नाटकाची होते. स्वेटरची कसली आलीय समीक्षा? पण जिथं एक माणूस काही करतो आणि दुसऱ्याला दाखवतो, तिथं दुसऱ्याला काहीतरी बोलावंच लागतं. तो काय बोलतो, तीच त्या कामाची समीक्षा. आपल्याकडे ती बहुतेक वेळा दोन वाक्यांत संपते. एक बाई म्हणते, “पाय बरं वं, कसं झालं?” दुसरी म्हणते, “मस्त झालं वं माय!” संपलं.

या ‘मस्त’ला माझा विरोध नाही. त्यात माया आहे. पण त्या एका शब्दानं काम पुढे सरकत नाही, हे मला आज सांगायचं आहे. आपल्या या भागात हातकाम इतकं मागे का पडलं, त्याच्या कारणांपैकी एक कारणही इथं सापडतं असं मला वाटतं.

सुरुवात दोन सुयांच्या विणकामापासून करू. आपल्याकडे नमुना कसा पसरतो? कुणाच्या तरी बाळाच्या अंगावर जाळीचं स्वेटर दिसतं. मग ते बाळ मांडीवर घ्यायचं, स्वेटर उलटसुलट करून पाहायचं, टाके मोजायचे आणि घरी येऊन तसंच करायला घ्यायचं. याला आपण ‘नमुना उतरवणं’ म्हणतो. ही फार मोठी विद्या आहे. तयार वस्तू पाहून ती कशी झाली असेल हे ओळखणं म्हणजे वाचनच की.

पण लेखी नमुना घेतला की गडबड सुरू होते. ‘साठ टाके घाला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट’ असं लिहिलेलं असतं. हात कुणाचा, हे मात्र लिहिलेलं नसतं. एकीच्या हाताला चार इंचांत वीस टाके बसतात, तर साठ टाक्यांची रुंदी झाली बारा इंच. दुसरीचा हात घट्ट, तिचे चार इंचांत चोवीस बसतात, म्हणजे तिचं स्वेटर दहा इंचांचं. पुढची आणि मागची बाजू धरली तर घेरात चार इंच कमी. नमुना तोच, लोकर तीच, आणि स्वेटर पोराच्या डोक्यातून जात नाही. ती बाई म्हणते, मला जमत नाही. खरं तर तिला जमलेलं असतं. आधी छोटा तुकडा विणून टाके मोजून घ्या, हे सांगायला नमुना लिहिणारा विसरलेला असतो. इथं समीक्षा बाईची करायची की नमुन्याची? समीक्षेचा पहिला फायदा हाच, की दोष नेमका कुठं आहे ते कळतं.

तसंच लोकरीचं. बाजारात आपण ज्याला लोकर म्हणतो तो गोळा बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो. रंग सुंदर, धुवायला सोपा, खिशाला परवडणारा. पण मेंढीची लोकर सहसा लवकर पेट घेत नाही, आणि अ‍ॅक्रिलिक आग लागली की जळता जळता वितळतं, कातडीला चिकटतं. थंडीत शेकोटीपाशी लेकरू घेऊन बसणाऱ्या बाईला हे कुणी सांगायचं? ‘रंग किती गोड’ म्हणणाऱ्या मैत्रिणीनंच सांगायला हवं ना?

आता सूतकताईकडे येऊ. स्वेटर विणणारीला आपलं काम स्वतःला दिसतं. कातणाऱ्याचं तसं नसतं. चरख्यावर पेळूतून तार निघतो, चातीवर गुंडाळला जातो, आणि भरलेली चाती पाहून बरं वाटतं. पण सूत चांगलं की वाईट, हे खऱ्या अर्थानं ठरतं मागावर. ताणा लावला की प्रत्येक तारावर ताण येतो. फणी पुढेमागे होते तसा तो घासला जातो. सूत एकसारखं नसेल तर पीळही सारखा बसत नाही. बारीक जागी तो जास्त साठतो, जाड जागी कमी. म्हणजे जी जागा दिसायला भरदार असते तीच आतून सैल असते. ताण पडला की तिथले तंतू एकमेकांवरून सरकतात आणि तार तुटतो. मग विणकराला माग थांबवून तो सांधावा लागतो. पुन्हा दोन हात विणलं की दुसरा तुटतो. त्याचा दिवस त्यातच जातो.

डोळ्याला जे भरदार वाटलं ते हाताला कच्चं लागलं. म्हणून मी म्हणतो, कातणाऱ्याचा खरा समीक्षक विणकर. त्याला तुमच्याबद्दल राग नाही, लोभ नाही. तो तुमच्या सुताशी दिवसभर झगडतो आणि मग बोलतो. त्याचं बोलणं कडू असेल, पण त्यात माहिती असते: पीळ वाढवा, पेळू नीट करा, पिंजण कमी पडलंय.

आपल्या राष्ट्रीय चळवळीनं हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष गांधीजी. तिथं ठरलं की सभासदानं महिन्याला २००० यार्ड सूत द्यायचं, स्वतः कातलेलं. आणि ते जमत नसेल, इच्छा नसेल, तर दुसऱ्यानं कातलेलंही चालेल. नुसतं सूत नाही, एकसारखं कातलेलं सूत. ठरावातला हा ‘एकसारखं’ शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. राजकीय ठरावात शिरलेली ती कारागिराची अट आहे. हिशेब केला तर हे सूत काही फार नाही. सुताचा नंबर काढतात तो असा, की एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात. २० नंबरचं सूत धरलं तर २००० यार्ड म्हणजे सुमारे ५४ ग्रॅम. वर्षाचे झाले साधारण साडेसहाशे ग्रॅम.

पण पुढे काय झालं? नियमात मुभा होतीच, तेव्हा अनेकांनी विकत घेतलेलं सूत भरलं. यार्ड मोजले गेले, पण ज्याच्या नावानं सूत जमा झालं त्याच्या हाताला आपल्या सुताचा दोष कधी कळलाच नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला सुताऐवजी चार आणे वर्गणीची सोय झाली आणि सूतकताईच्या कामासाठी अखिल भारतीय चरखा संघ वेगळा उभा राहिला. इतिहासकार याची राजकीय कारणं सांगतील, ती खरी असतील. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. करणारा आणि तपासणारा यांची गाठच पडली नाही, तर सूत फक्त हिशेबाच्या वहीत वाढतं.

आता आपल्या वऱ्हाडाचं पाहा. कापूस इथला. आज या शिवारात सोयाबीनच जास्त दिसतं, पण वऱ्हाडाची ओळख कापसाचीच. मग कातणारे, विणणारे कुठं गेले? १८६० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी इंग्रज सरकारनं नेमलेला कापूस कमिशनर होता रिव्हेट-कार्नॅक. त्यानं सरकारी अहवालात उघड आशा व्यक्त केली होती, की रेल्वे आली की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, बाहेर पाठवायला जास्त कापूस मिळेल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. कापसाच्या गाठी निघाल्या मुंबईला, तिथून विलायतेला.

यात आपण रोजगार गमावला हे सगळेच सांगतात. मी त्यात आणखी एक नुकसान जोडतो. जवळचा विणकर गेला म्हणजे कातणारीचा समीक्षक गेला. गावात ज्याच्या हातात आपलं सूत जायचं, जो येता-जाता ‘काकू, यावेळचं सूत कच्चं होतं बरं’ असं म्हणायचा, तोच उरला नाही. कौशल्य हे एकट्याच्या बोटांत फार दिवस टिकत नाही. ते दोघांच्या मध्ये टिकतं.

मग समीक्षा करायची ती कोणत्या मापानं? याचं एक सुंदर उदाहरण १९२९ चं आहे. चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या होत्या. किंमत १५० रुपयांच्या वर नको. साध्या झोपडीत चालला पाहिजे. आणि एका बाईला सलग आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. यंत्र दिसतं कसं, याबद्दल अटच नाही. मापाचा सगळा भर वापरणाऱ्या बाईच्या दंडावर आणि पाठीवर आहे. आपल्या किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा त्या स्पर्धेत उतरला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. एक लाखाची रक्कम ठेवून ती न देणं, हेही धैर्याचंच काम. ‘प्रयत्न छान आहे’ म्हणून वाटून टाकता आली असती.

दुसरं माप मजुरीचं. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावरच जगण्याचा प्रयोग केला. चरख्याची थोरवी गाणारे पुष्कळ होते. या माणसानं कातणाऱ्या बाईच्या ताटात काय पडतं ते स्वतःच्या पोटावर तपासलं. ही समीक्षाच आहे. पुढे १९३५ मध्ये चरखा संघानं कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे असं धोरण स्वीकारलं. तेव्हा एखादं हातकाम पाहताना ‘किती दिवस लागले आणि हातात काय आलं?’ हा प्रश्न विचारणं अजिबात आगाऊपणाचं नाही.

आपल्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. तांड्यावरच्या बायांचं भरतकाम, कांचळी, फेटिया, आरसे, कवड्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. प्रदर्शनात लोक त्याचे फोटो काढतात, ‘वा, काय रंग!’ म्हणतात. कापड उलटं करून कोण पाहतं? भरतकामाची पाठ पाहिल्याशिवाय ते कळत नाही. दोरा कुठं सुरू झाला, कुठं संपवला, गाठ कशी दडवली, हे सगळं मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. जुन्या कांचळ्यांचे तुकडे कापून त्यांच्या पिशव्या आणि उशीचे अभ्रे करून विकतात. घेणारा त्याला ‘पारंपरिक कला’ म्हणतो. ज्या बाईनं ते भरलं तिचं नाव त्या पिशवीवर कुठंच नसतं. नुसत्या कौतुकाला नाव लागत नाही, मंडळी. समीक्षेला लागतं, कारण ती कुणाशी तरी बोलत असते.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. बाई दिवसभर शेतात राबते, घरचं सगळं करते, रात्री तासभर दोन सुया घेऊन बसते. तिथंही तुम्ही चुका काढणार? तिला चार बायांची सोबत हवी असते, परीक्षा नको असते. हे मला मान्य आहे. म्हणून समीक्षा कधी करायची हे समजून घ्यावं लागतं, आणि ते प्रत्येक कामात वेगळं आहे. सुयांवरच्या विणकामात टाका गळला तर तेव्हाच सांगा. चार ओळी उसवल्या तरी लोकर तशीच्या तशी परत मिळते, वाया जातो तो थोडा वेळ. पूर्ण झाल्यावर सांगाल तर ते नुसतं बोचणं होईल. मागावरच्या कापडाचं उलट आहे. विणलेलं सहज उसवता येत नाही, म्हणून तिथं चूक सांगायची ती पुढच्या ताण्यासाठी. आणि सुताबद्दल बोलायचं ते ज्यानं ते वापरलं त्यानं. वेळ चुकली की खरं बोलणंही टोमणा होतं. वेळ साधली तर ती सोबतच असते.

आणि सोबतीचा अर्थ तरी काय? बचत गटाच्या मालाचं उद्घाटनाच्या दिवशी सगळे कौतुक करतात, एकेक वस्तू घेऊनही जातात. दुसऱ्यांदा कोणी येत नाही. पिशवीचा बंद महिन्यात उसवला, हे त्या बायांना कोणी सांगत नाही, कारण ‘बिचाऱ्या कष्ट करतात’. त्या बिचाऱ्या पुढच्या वर्षी तसाच बंद शिवतात. न बोललेली चूक अशी त्यांच्याच पदरातून वसूल होते.

म्हणून माझं मागणं लहान आहे. तुमच्यापैकी ज्या ताई, काकू एकत्र बसून विणतात, भरतात, शिवतात, त्यांनी पुढच्या खेपेला वस्तू दाखवताना ‘कसं झालं?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर ‘मस्त’ हेच येणार. ‘हे कुठं तुटेल?’ असं विचारावं. आणि ऐकणारीनं वस्तू हातात घ्यावी, उलटी करावी, शिवण ताणून पाहावी, आणि जे बोटांना लागलं ते सांगावं. ज्यांच्याकडे विणलेली जुनी टोपरी, स्वेटरं, शिवलेल्या गोधड्या आहेत त्यांनी त्याही आणाव्यात. दहा वर्षं वापरलेली वस्तू कुठं झिजली आणि कुठं टिकली, हे पाहण्यासारखा दुसरा धडा नाही.

आता प्रश्न असतील तर विचारा. आणि कुणी आज काही विणलेलं सोबत आणलं असेल तर ते इथं पुढे द्या, सगळ्यांच्या हातातून जाऊ द्या.