भूमध्य समुद्राच्या तळातली मूठभर खडी

समुद्रतळात भोक पाडून काढलेले गाळाचे गाभे वाचणं तसं रुक्ष काम. करडा चिखल, पुन्हा करडा चिखल. पण १९७० साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळातून जे वर काढलं, ते चवीने वाचावं असं आहे.

सगळ्यांत गाजला तो बालेआरिक बेटांजवळचा अ‍ॅनहायड्राइटचा, म्हणजे खारं पाणी आटताना साचणाऱ्या खनिजाचा, गाभा. पांढुरक्या गाठी आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या काळसर रेघा; कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीसारखी नक्षी. अशी नक्षी आजही अबुधाबीच्या तापलेल्या, खारवट किनाऱ्यावर तयार होते. त्याच गाभ्यात नागमोडी पापुद्रे आहेत, उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी घातलेले. आणि हा दगड निघाला अडीच किलोमीटरहून खोल पाण्याखालून! त्याला ‘अटलांटिसचा स्तंभ’ असं नाव पडलं. नाव जरा नाटकीच.

मला मात्र त्याहून सरस वाटते ती व्हॅलेन्सियाच्या आखाताजवळ मिळालेली बारीक खडी. मोहिमेचे एक प्रमुख केनेथ शू यांनी ती धुऊन निवडली. नदीने वाहून आणलेली खडी म्हटली की तिच्यात गारगोटी हवी, ग्रॅनाइट हवा, वाटेतल्या डोंगरांचा थोडाथोडा मासला हवा. इथे निघालं काय? बेसाल्ट, दगड झालेला सागरी चिखल, जिप्समचे स्फटिक आणि खुरटलेले इवलेसे शंखशिंपले. बस्स. जमिनीवरून आलेलं काहीच नाही. म्हणजे झिजला तो समुद्राचा तळच. आणि तळ असा झिजून त्याची खडी व्हायची, तर तो आधी उघडा पडायला हवा. स्तंभ जे ठासून सांगतो, ते ही खडी नुसत्या गारगोटीच्या गैरहजेरीतून सुचवते. जाणकाराने दाद द्यावी ती इथे.

शू, विल्यम रायन आणि मारिया चिता यांनी यावरून कथा जुळवली: अटलांटिककडची वाट बुजली आणि भूमध्य समुद्र आटला. ५० लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथे नद्या आणि पाऊस मिळून जेवढं पाणी देतात, त्याहून जास्त पाण्याची वाफ होते, त्यामुळे शू यांच्या हिशेबाने समुद्र आटायला हजारेक वर्षं पुरली असती. पण तळाखाली मिठाचे जाड थर आहेत, आणि समुद्र एकदा आटून एवढं मीठ साचत नाही; बाहेरचं पाणी पुन्हा पुन्हा आत यायला हवं. ते कसं आलं आणि पातळी नेमकी किती उतरली, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. मिठाच्या वर मात्र थेट खोल समुद्राचा गाळ बसला आहे, अधलामधला टप्पा जवळजवळ नाहीच.

एवढी मोठी कथा उभी राहिली, पण ‘चॅलेंजर’च्या छिद्रांनी मिठाच्या त्या थरांचा फक्त माथा गाठला होता. खालचं मीठ कित्येक ठिकाणी किलोमीटरहून जाड आहे.