पुठ्ठ्याचं खोकं

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा माहितीपट म्हटलं की दिल्लीचं काळवंडलेलं आकाश आठवतं. मला गुहागरात बसून बघताना लक्षात राहिलं ते पुठ्ठ्याचं खोकं.

वझीराबादच्या तळघरात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. पतंगाच्या मांजाने पंख चिरलेल्या घारी त्यांच्याकडे खोक्यांतून येतात. लहान वयात या भावांनी उचलून नेलेली घार मांसाहारी म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्याने नाकारली होती. मग व्यायाम करताना स्नायूंबद्दल जे कळलं होतं, ते त्यांनी पंखांवर लावून पाहिलं.

यात उड्डाणाचा जल्लोष फारसा नाही. मांस दळायचं यंत्र कुरकुरतं, निधीसाठी धावाधाव चालते, भाऊ वाद घालतात, बाहेर २०२० ची दंगल पेटते. आणि खोकी येतच राहतात.

आता आपली रील्स आठवा. जखमी पक्षी, हळद, पियानो, स्लो मोशनमध्ये भरारी. तीस सेकंदांत काम फत्ते! आमच्या धंद्यात कोड डिप्लॉय केला की काम संपलं असं मानणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी फोन येतो. पक्ष्याला फोन करता येत नाही.

कोकणात हा प्रश्न पावसाळ्यात थेट किनाऱ्यावर येऊन पडतो. खोल समुद्रातले पक्षी वादळवाऱ्यात थकून वाळूवर येतात. रील पाहून शिकलेला माणूस असा पक्षी परत लाटांवर भिरकावतो. व्हिडिओ छान येतो. पक्ष्याला मात्र हवं असतं भोकं पाडलेलं खोकं, अंधार, शांतता आणि आपल्याकडून वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला एक फोन. चोचीत पाणीसुद्धा ओतायचं नसतं.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. कॅमेरा इतका देखणा आहे की रात्रीचे उंदीरही सुंदर दिसतात. पण सोडलेल्या घारीचं पुढे काय झालं, ते इथेही कळत नाही. गुहागरच्या किनाऱ्यावरून फेब्रुवारी २०२३ मध्ये पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडलेल्या बागेश्री आणि गुहा या मादी कासवांचा प्रवास पुढे काही महिने नकाशावर दिसत राहिला. सोडणं म्हणजे शेवट नव्हे, हे त्या ठिपक्यांनी दाखवलं.

तरीही चित्रपट बघाच. भरारीसाठी नको, खोक्यांसाठी बघा. बरं होण्याचा सगळा वेळ तिथेच जातो, आणि रीलमधून नेमका तोच कापलेला असतो.