पोथीतील उपचार आणि मंचावरील दावा : प्रकारसंकेत व आविष्कारस्वातंत्र्य

मराठीत आविष्कारस्वातंत्र्याची चर्चा बहुधा लेखक आणि शासन किंवा लेखक आणि जमाव या दोन ध्रुवांमध्ये होत आली आहे. १९७२ मधील 'सखाराम बाइंडर'चा वाद हे तिचे परिचित प्रतिमान. या प्रतिमानात एक बोलणारा असतो आणि त्याचे तोंड बंद करू पाहणारी एक सत्ता असते. परंतु जो स्वतः बोलत नाही आणि कोणाचे तोंडही बंद करीत नाही, केवळ असंख्य उक्ती शेजारी-शेजारी मांडून ठेवतो, अशा तिसऱ्या पक्षाला या प्रतिमानात जागा नाही. संगीताचे स्ट्रीमिंग मंच हा असा तिसरा पक्ष आहे. या मांडणीमुळे उक्तीच्या अर्थाचे काय होते, हा मुळात समीक्षेचा प्रश्न आहे. तो विधिज्ञांवर सोपवून समीक्षेला मोकळे होता येणार नाही.

ज्या घटनेने हा प्रश्न जगापुढे आणला ती जानेवारी २०२२ मधली. 'द जो रोगन एक्सपिरिअन्स' हा पॉडकास्ट त्या वेळी केवळ स्पॉटिफाय या मंचावर उपलब्ध होता. त्यातून कोविडच्या लसीविषयी दिशाभूल करणारी विधाने प्रसृत होत असल्याची तक्रार करणारे खुले पत्र २७० डॉक्टर, शास्त्रज्ञ, प्राध्यापक आदींनी प्रसिद्ध केले. त्यानंतर नील यंग या गायकाने त्या मंचावरून आपले संगीत काढून घेण्याची मागणी केली. जोनी मिचेल या गायिकेने त्याचे अनुसरण केले. दोघांनाही बालपणी पोलिओ झाला होता, आणि तोही त्या रोगावरची लस उपलब्ध होण्यापूर्वी. मंचाने यंगची गाणी काढली, पॉडकास्ट ठेवला, आपले नियम जाहीर केले आणि कोविडविषयक कार्यक्रमांना सूचनापट्टी जोडण्याचे ठरवले.

या घटनेवरची चर्चा लवकरच दोन तटांत विभागली गेली. एका तटाच्या मते यंगची मागणी ही छुपी सेन्सॉरशिप होती. दुसऱ्याच्या मते ती सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी होती. दोन्ही तट एक गोष्ट गृहीत धरतात : उक्तीचा अर्थ, आणि म्हणून तिची हानिकारकताही, तिच्या शब्दांत साठवलेली असते. हे गृहीतक स्वातंत्र्याच्या अभिजात पुरस्कर्त्यालाही मान्य नव्हते. अकोल्यात शिकलेल्या आगरकरांच्या विचारांवर ज्याची गाढ छाया आहे त्या मिलने १८५९ मध्येच धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण दिले होते. धान्यव्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वृत्तपत्रात छापले तर त्याला हात लावता कामा नये. तेच मत व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे मांडले तर ते दंडनीय ठरू शकते. शब्द तेच, उक्ती वेगळी. मिलने येथे जमावाचा विचार केला. आपल्याला प्रकाराचाही विचार करावा लागेल.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' या २१ अध्यायांच्या पोथीचे पारायण होते. आता तिच्या ध्वनिमुद्रित आवृत्त्या मोबाइलवरही ऐकल्या जातात. या पोथीत भास्कर पाटलाची कथा आहे. त्याला पिसाळलेला कुत्रा चावतो. लोक डॉक्टरकडे जाण्याचे सुचवतात. तो ते नाकारतो आणि आपला डॉक्टर शेगावीच आहे अशा भावनेने महाराजांकडे येतो. वैद्यकीय प्रतिपादन म्हणून वाचली तर ही कथा घातक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर वेळेवर लस घेतली नाही आणि रोगाची लक्षणे दिसू लागली, तर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु कथा पुढे काय सांगते? भास्कर वाचत नाही. मरण टाळून मिळणे हे केवळ उसने आहे असे त्याला समजावले जाते. तो मरण स्वीकारतो आणि पुढे मरतो. म्हणजे ही उपचाराची नव्हे, शरणागतीची आणि मृत्यूच्या स्वीकाराची कथा आहे. सोवळ्यात बसून, ठरावीक दिवसांत, ठरावीक क्रमाने पोथी वाचणाऱ्या वाचकाला हे कोणी शिकवावे लागत नाही. पारायणाचा सारा विधी हाच तिचा प्रकारसंकेत असतो. ज्या संस्थानाने पोथीची परंपरा सांभाळली त्याच संस्थानाने दवाखानेही चालवले, यात भाविकाला विसंगती जाणवत नाही, याचे कारणही हेच आहे.

या संकेताची दखल महाराष्ट्राच्या कायद्यानेही घेतली आहे. नरबळी व जादूटोणाविरोधी अधिनियम २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला, या कायद्यासाठी अनेक वर्षे झगडलेले नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली होती. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. मात्र कीर्तन, प्रवचन, भजन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. वरवर पाहता ही राजकीय तडजोड वाटेल, आणि काही अंशी ती आहेही. तरीही साहित्यशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात एक अचूक भेद दडला आहे. भास्कराची कथा सांगणे आणि समोरच्या रुग्णाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणे, या दोन भिन्न उक्तिक्रिया आहेत. पहिली कथन आहे. दुसरी आज्ञा आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय अधिनियमाने तर 'जाहिरात' या संज्ञेत प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही समाविष्ट केली आहे. माध्यम कोणतेही असो, दावा हा दावाच राहतो, हे त्या व्याख्येचे सार आहे.

स्ट्रीमिंग मंचावर नेमका हा भेद पुसट होतो. तेथे पारायण, प्रेमगीत, बातमी आणि लसीवरील तीन तासांच्या गप्पा एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच यादीत, एकाच बोटाच्या स्पर्शाने उघडतात. विधी गळून जातो आणि उक्ती नग्न उरते. आपण डॉक्टर नाही, आपण केवळ गप्पा मारतो, हा रोगनचा बचाव या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे, कारण तो प्रकाराचा आधार घेणारा बचाव आहे. गप्पा या प्रकाराला मिळणारी सवलत तो मागतो. पण त्या गप्पांत पाहुण्याची वैद्यकीय पात्रता सांगितली जाते आणि विधाने तज्ज्ञाच्या अधिकाराने केली जातात. प्रतिपादनाचे वजन घ्यायचे आणि प्रतिपादनाची जबाबदारी मात्र गप्पांवर टाकायची, हा येथील खरा दोष आहे. याउलट वऱ्हाडातल्या गाडगेबाबांचे कीर्तन आठवावे. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. अंगारेधुपारे व नवससायास यांवरचा त्यांचा हल्ला हे उघड प्रतिपादन होते, आणि ते करणारा माणूस तेथेच, त्याच श्रोत्यांपुढे उभा असे. चुकले तर विचारायला माणूस समोर होता.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. वैद्यकीय सत्य तरी स्थिर कोठे असते? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस काही दिवसांत गळून पडले. प्रथम पाण्यावर संशय गेला, मग बुरशीजन्य संसर्गाची शक्यता बोलली गेली. पुढे, विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. पहिल्या आठवड्यातील तर्कालाच अधिकृत सत्य मानून इतर सर्व बोलणे बंद केले असते, तर गव्हाचा प्रश्न विचारलाच गेला नसता. हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे, आणि म्हणूनच मजकूर हटवण्याचा अधिकार शासनाला वा मंचाला सहजी देऊ नये असे मी मानतो. परंतु हे उदाहरण उलट बाजूनेही बोलते. बावस्करांचा तर्क हा तर्क म्हणून, तपासणीच्या आधारासह आणि खोडला जाण्याची तयारी ठेवून मांडलेला होता. चुकीचे ठरू शकणारे विधान आणि चुकीचे ठरण्याची जबाबदारीच नाकारणारे विधान, यांना एकाच 'मत' या शब्दाखाली आणणे हा बौद्धिक आळस आहे.

आता यंगच्या माघारीचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. माघारीमुळे कोणाचेही तोंड बंद झाले नाही; पॉडकास्ट चालूच राहिला. यंगने नाकारले ते सान्निध्य. माझे गाणे कोणत्या उक्तीशेजारी उभे राहील हाही त्या गाण्याच्या अर्थाचा भाग आहे, असे त्याच्या कृतीने सुचवले. या अर्थाने ती समीक्षात्मक कृती होती : यादीलाच संहिता मानून केलेले तिचे वाचन. मात्र तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. माघारीने एकही चुकीचे विधान दुरुस्त होत नाही. तो पॉडकास्ट इतर मंचांवरही उपलब्ध होऊ लागल्यावर मार्च २०२४ मध्ये यंग स्वतःच परतला, कारण सान्निध्य टाळण्याची जागाच उरली नव्हती. शिवाय माघार हा साधनसंपन्नांचा हक्क आहे. यंगच्या पाठीशी त्याची ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली. खंजिरीवर भजने गाणाऱ्या आणि एकरकमी मानधनावर कॅसेट करून दिलेल्या वऱ्हाडी गायकाला आपला आवाज कोठे, कोणाशेजारी वाजतो हे कळतही नाही. २०१२ च्या स्वामित्व हक्क दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व गायक यांच्या मानधनाचा विचार केला. सान्निध्याचा विचार अद्याप कोणी केलेला नाही.

आविष्कारस्वातंत्र्य राखायचे असेल तर उक्ती हटवण्याऐवजी तिचा प्रकार तिला परत मिळवून द्यावा लागेल : दावा दावा म्हणून ओळखू यावा, त्याचा कर्ता व आधार श्रोत्याला दिसावा, आणि कथेला कथा म्हणून जगण्याची मुभा असावी. हे काम सूचनापट्टीने होणार नाही, कारण पट्टी विषय सांगते, प्रकार सांगत नाही. भास्कराची कथा कानांत बोंडे घालून ऐकणारा उद्याचा श्रोता कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाईल की नाही, हे त्या कथेवर अवलंबून नाही. ती कशी ऐकायची हे त्याला कोणी सांगितले होते की नाही, यावर ते अवलंबून आहे. पारायणाचा विधी हे सांगत असे. विधी गळाल्यावर ते सांगण्याची जबाबदारी समीक्षेवर येते, आणि मराठी समीक्षेने ती अद्याप स्वीकारलेली नाही.