सुरक्षा आणि सुरक्षितता : मनोरीच्या डोल मासेमारीतील नव्या तंत्रज्ञानाची चिकित्सा

‘कामाचे ठिकाण’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना उभा राहतो, फार तर कार्यालय. तंत्रज्ञान आणि श्रमिक यांच्या संबंधाविषयी मराठीत जे लेखन झाले, तेही बव्हंशी गिरणी, कारखाना आणि अलीकडे संगणक-उद्योग यांच्याभोवती फिरते. चार-सहा माणसे भरसमुद्रात जाळे ओढत असतात ती होडी हेही कामाचे ठिकाणच आहे, आणि धोक्याच्या दृष्टीने ते कोणत्याही कारखान्याहून कमी नाही. प्रस्तुत लेखात मनोरीच्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या निमित्ताने या कामाच्या ठिकाणी गेल्या काही दशकांत आलेल्या दळणवळण व उपग्रह तंत्रज्ञानाची चिकित्सा करावयाची आहे. अशा साधनांचे मूल्यमापन सामान्यतः त्यांच्या क्षमतेवरून केले जाते : यंत्र किती दूरवर संदेश पोहोचवते, स्थान किती अचूक दाखवते, इत्यादी. प्रस्तुत लेखकाच्या मते ही कसोटी अपुरी आहे. संकटात होडीवरून दिलेली हाक यंत्रामुळे कोणाकडे जाते आणि कोणाला ऐकू येत नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

डोल आणि तिची जागा

मालाडहून मार्वेच्या धक्क्यावर यावे, खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत चढावे आणि काही मिनिटांत मनोरीस उतरावे. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही कोळी व ईस्ट इंडियन वस्तीचे हे गाव आजही खाडीच्या भरती-ओहोटीशी बांधलेले आहे. वर्सोव्यापासून अर्नाळ्यापर्यंतच्या या पट्ट्याची ओळख म्हणजे डोल. डोल हे पिशवीसारखे निमुळते होत जाणारे जाळे. ते समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने एका जागी लावतात आणि पाण्याचा ओढ त्याचे तोंड उघडे ठेवतो. बोंबील, जवळा, करंदी ही त्याची मुख्य मासळी. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराचा म्हणून काम जोराचे, भांगाच्या दिवसांत ते मंद. म्हणजे येथे कामाचे वेळापत्रक चंद्र ठरवतो आणि कामाची जागा खुंट ठरवतो.

हा तपशील विस्ताराने देण्याचे कारण असे की, कोणतेही तंत्रज्ञान सर्व मच्छीमारांना सारखेच लागू पडते हे गृहीतक येथेच कोसळते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती प्रसृत होते. उपग्रहाने टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून मासळी कोठे एकवटली असेल याचा तो अंदाज असतो. मासळीचा पाठलाग करणाऱ्या नौकेला तो उपयोगी आहे. परंतु ज्याचे जाळे खुंटाला बांधले आहे त्याने तो अंदाज ऐकून करायचे काय? त्याला हवी असते वाऱ्याची, लाटांची आणि वादळाची सूचना. ‘मच्छीमारांसाठी तंत्रज्ञान’ हा शब्दप्रयोग करताना कोणता मच्छीमार, हे सांगण्याची तसदी धोरणविषयक दस्तऐवजांत क्वचितच घेतली जाते.

खुंटाची जागा सापडावी कशी? पूर्वी ती जमिनीवरील खुणांवरून सापडे. डोंगराचा माथा, चर्चचे वा देवळाचे शिखर, एखादे उंच झाड अशा दोन-दोन खुणा एका रेषेत आणून तांडेल आपली जागा हेरत असे. हे ज्ञान होडीवर सर्वांच्या डोळ्यांसमोर वापरले जाई, म्हणून नवखा खलाशीही ते पाहता पाहता शिकत असे. जीपीएस आल्यापासून ती जागा यंत्रात साठवलेला एक आकडा झाली. धुक्यात आणि अंधारात या आकड्याचे मोल मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्ञान डोळ्यांतून यंत्रात गेले, तसे ते सर्वांकडून एकाकडेही गेले. आज मुंबईच्या नौकांवर परप्रांतांतून आलेले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. त्यांना किनाऱ्याच्या खुणा ठाऊक नसतात आणि यंत्र तांडेलाच्या हाती असते. तांडेलच पाण्यात पडला तर उरलेल्यांनी परतीची दिशा कशी धरावी, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. गोराईच्या विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट २००९ पासून या किनाऱ्यावर उभा आहे. खुणेसाठी इतके ठळक चिन्ह पूर्वीच्या पिढ्यांना लाभले नव्हते, आणि ते उभे राहिले ते नेमके खुणांची गरज सरत असताना.

हाक कोणाला ऐकू येते?

होडीवरील वायरलेस संच आजच्या मानाने जुने तंत्रज्ञान. त्याच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाची हाक दिली की पल्ल्यातील आणि संच चालू असलेल्या प्रत्येक नौकेला ती ऐकू येते. समुद्रात मदतीला प्रथम पोहोचू शकते ती बहुधा शेजारची होडी. एरवी हेच शेजारी एकमेकांचे स्पर्धक असतात, कोठे किती मासळी लागली हे कोणी सरळ सांगत नाही. परंतु संकटाच्या हाकेला हा हिशेब लागू होत नाही. वायरलेसने ही जुनी रीत मोडली नाही, तिचा पल्ला तेवढा वाढवला.

याच्या उलट रचना संकट-सूचक प्रेषकाची, म्हणजे ‘डॅट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राची. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेले हे यंत्र २०१० पासून वापरात आले. आग, बुडणे, आजारपण असा संकटाचा प्रकार दर्शवणारी कळ दाबली की नौकेच्या स्थानासह संदेश उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्राकडे आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातो. किनाऱ्यापासून दूर, जेथे वायरलेस वा मोबाइल पोहोचत नाही, तेथे ही सोय अमूल्य आहे. तरीही तिच्यात दोन उणिवा होत्या. एक, शेजारच्या होडीला या हाकेचा थेट पत्ता लागत नसे. दुसरी त्याहून गंभीर : कळ दाबणाऱ्याला आपली हाक पोहोचली की नाही हेच समजत नसे. बुडत्या होडीवरील माणसाने कळ दाबून मुक्या यंत्राकडे पाहत बसावे, अशी ती व्यवस्था होती. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये पोच देण्याची सोय करण्यात आली, केंद्राकडून वादळाची सूचना उलट पाठवता येऊ लागली, आणि हे यंत्र मोबाइलला जोडून संदेश मातृभाषेत वाचता येईल अशी व्यवस्था झाली. तोपर्यंत वीस हजारांहून अधिक डॅट वापरात होते. एक साधे ‘ऐकले’ म्हणायला चौदा वर्षे का लागावीत? तांत्रिक अडचणी असतीलच, पण हाक देणारा माणूस हा आराखड्याचा केंद्रबिंदू नव्हता, हे त्याहून खरे कारण असावे असे वाटते.

मोबाइलविषयी एका गाजलेल्या अभ्यासाचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळच्या सार्डिन मच्छीमारांवरील संशोधन प्रसिद्ध केले. मोबाइल आल्यावर बंदराबंदरांतील भावांची तफावत घटली व मासळी वाया जाणे थांबले, हा त्यांचा निष्कर्ष विकासाच्या अर्थशास्त्रात वारंवार उद्धृत होतो. निष्कर्षाबद्दल तक्रार नाही. परंतु त्या यशाचे मोजमाप बाजारभावात झाले आणि नंतरच्या चर्चेनेही तीच पट्टी उचलली. होडीवर कोण कोणाशी बोलू लागले, निर्णय कोणाकडे सरकला, याची मोजणी त्या पट्टीत बसत नाही.

एकाच पेटीतील दोन हेतू

मराठीत ‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ हे दोन शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः एकाचा रोख शत्रूकडे आहे, दुसऱ्याचा संकटाकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावली होती व तिच्यावरील माणसांना ठार केले होते. मच्छीमार हा त्या घटनेतील पहिला बळी होता, आणि कुलाब्याच्या कोळीवस्तीत उतरलेली अनोळखी माणसे प्रथम पाहिली तीही मच्छीमारांनीच. पुढे आलेल्या उपायांत मात्र तो प्रामुख्याने तपासणीचा विषय ठरला : बायोमेट्रिक ओळखपत्रे, नौकांची रंगसंकेतानुसार रंगरंगोटी, मोठ्या नौकांवर ओळख-प्रक्षेपक यंत्रे. या उपायांची गरज कोणी अमान्य करणार नाही. प्रश्न आहे तो त्यांतून घडणाऱ्या नात्याचा. बायोमेट्रिक हजेरीच्या यंत्रासमोर रोज बोट ठेवणाऱ्या आपल्यासारख्या प्राध्यापकांना तो समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच, एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. दुहेरी संदेशवहन हे या यंत्राचे वैशिष्ट्य असून डॅटवरील वरील आक्षेप त्याला लागू होत नाही. परंतु त्याच पेटीतून नौका कोठे आहे हेही सतत कळत राहते. बंदीच्या काळात, बंदीच्या क्षेत्रात, सागरी सीमेजवळ कोण गेले याची ती नोंद आहे. किनाऱ्यालगत बेकायदा एलईडी दिवे लावून मासळी ओरबाडणाऱ्या मोठ्या नौकांना अशा नोंदीने आळा बसला तर मनोरीचा डोलकर ती आनंदाने स्वीकारील. २०१७ पासून एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी असूनही तिच्या अंमलबजावणीबद्दल लहान मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. त्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा : ही नोंद त्याला पाहता येणार का? ती केवळ वर जाणार असेल आणि संकटाखेरीज कधी खाली येणार नसेल, तर पेटी बंद ठेवण्याचा मोह होईल, आणि पेटी बंद केलेल्या दिवशीच वादळ आले तर सुरक्षेपायी सुरक्षितता गमावली जाईल.

तौक्ते : माहिती आणि निर्णय

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ या विवेचनाची कसोटी पाहते. जूनची मासेमारी बंदी दोन आठवड्यांवर आली असताना हे वादळ आले. हवामान खात्याने पूर्वसूचना वेळेवर दिली होती. ती मत्स्यव्यवसाय विभाग, सहकारी सोसायट्या, वायरलेस, मोबाइल अशा वाटांनी कोळीवाड्यांत पसरली आणि बहुतेक नौका परतल्या. किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्यांचे नुकसान झाले, काही दुर्घटनाही घडल्या. तरी भरसमुद्रात फार मोठा अनर्थ ओढवला असता तो टळला. त्याच समुद्रात, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, ‘पी-३०५’ या बार्जवर २६१ माणसे होती. तेथे संदेशवहनाची साधने कोणत्याही डोल होडीहून कितीतरी वरच्या दर्जाची होती आणि सूचना तीच होती. १७ मे रोजी नांगर तुटून वाहवत गेलेले ते बार्ज बुडाले आणि सत्तर किंवा अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नौदलाने प्रतिकूल समुद्रात १८० हून अधिक जणांना वाचवले.

बार्ज माघारी का आणले गेले नाही, ही जबाबदारी कप्तानाची, ठेकेदाराची की काम देणाऱ्या महामंडळाची, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. प्रस्तुत संदर्भात त्या वादाचे अस्तित्वच पुरेसे बोलके आहे. डोल होडीवर असा वाद संभवत नाही. ‘परत फिरा’ म्हणणारा तांडेल त्याच होडीत असतो, त्याच लाटेखाली असतो, आणि शेजारच्या होड्या वळताना तो पाहत असतो. बार्जवरील खलाशाला सूचना मिळूनही ती अमलात आणण्याचा अधिकार नव्हता.

डोल होडीविषयी हे म्हणताना तिचे गौरवीकरण होऊ नये. तेथेही मालक किनाऱ्यावर बसून दूरध्वनीवर ‘आणखी एक ओढ घ्या’ असे सांगू शकतो, आणि मोबाइलने ते सोपे केले आहे. नव्या ट्रान्सपॉन्डरची नोंदणी नौकेच्या, पर्यायाने मालकाच्या नावे होते. त्याचे प्रशिक्षण खलाशांपर्यंत, विशेषतः हंगामापुरत्या येणाऱ्या परभाषिक खलाशांपर्यंत पोहोचते का. मातृभाषेतील संदेश म्हणजे नेमका कोणाच्या मातृभाषेतील. कळ कोठे आहे हे होडीवरील शेवटच्या माणसास ठाऊक आहे का, या प्रश्नांची पाहणी करणे महाविद्यालयीन स्तरावरही शक्य आहे. जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसांना बोलायला सवड असते. मार्वेची फेरी मात्र पावसाचा अंदाज घेऊनच धरावी.