वाघ्या घेवडा कुणाची नक्कल करत नाही

बिनमटणाच्या रश्श्याची कुठलीही पाककृती वाचायला घ्या. शेवटाकडे एक वाक्य हमखास येतं: अगदी मटणासारखा लागतो. लिहिणाऱ्याला ती शाबासकी वाटते. मला मात्र तो समीक्षेतला जुना दोष वाटतो. एका कलाकृतीचं माप घेऊन दुसरी मोजायची आणि उरलेल्या फरकाला उणीव म्हणायचं, असा तो दोष. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचा रस्सा या दोषाचा सगळ्यात मोठा बळी आहे. म्हणून त्याच्याबद्दल थोडं नीट बोलू.

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा, विशेषतः उत्तरेकडचा भाग पर्जन्यछायेत येतो. तिथं जूनच्या पावसावर हा घेवडा पेरतात आणि अडीच-तीन महिन्यांत तो काढणीला येतो. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हाच दाणा पोत्यात भरून उत्तरेकडं गेला की त्याचा ‘राजमा’ होतो. घरी तो ‘मटणासारखा’ आणि परगावी राजमा. स्वतःच्या नावानं त्याला ओळखणारी जागा तालुक्याबाहेर फारशी उरत नाही.

आता ज्याच्याशी त्याची तुलना होते, ते मटणाचं जेवण पाहू. सातारा-सांगलीकडं त्याची ठरलेली मांडणी आहे: सुकं, आळणी, तांबडा रस्सा, भाकरी, भात, कांदा-लिंबू. रविवारचं, जत्रेचं, पाहुणा आल्यावरचं हे जेवण. यातला रस्सा मुळात हिशेबाचा पदार्थ आहे. खाणारी तोंडं जास्त, मटण कमी, तेव्हा वाटण वाढवायचं आणि पाणी ओतायचं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर आणि वर्षाची करून ठेवलेली चटणी, म्हणजे शहरात ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात तो. हे वाटण घरचं असतं, मटण पाहुणं असतं. तेच वाटण आठवडाभर वांग्यात पडतं, मसुरात पडतं, घेवड्यात पडतं. मग घेवड्याच्या रश्श्यानं मटणाची नक्कल केली, असं कुठल्या न्यायानं म्हणायचं? एकाच घरातली ही दोन भावंडं आहेत. त्यातलं एक सणावारी घरी येतं, इतकंच.

गळ्यात माळ असलेल्या माणसासाठी जत्रेच्या दिवशी वेगळं पातेलं चढतं. त्यात बहुधा कडधान्यच असतं. वाटण तेच, तवंग तोच, पंगतही तीच. त्या माणसाला कुणी ‘पर्याय’ वाढत नसतं, त्याला जेवायला वाढत असतात. पाककृतीच्या भाषेला हा फरक कळत नाही.

हा रस्सा त्याच्या स्वतःच्या मापानं मोजायचा, तर प्रश्न बदलतात. घेवडा आत-बाहेर सारखा शिजलाय का? रश्श्याला अंग आलंय का? मटणाच्या रश्श्याला हाडांतून आणि चरबीतून अंग येतं. इथं ते दाण्यातल्या पिठूळपणातून यावं लागतं. त्यासाठी पाव किलो घेवडा रात्रभर भिजवायचा आणि भिजवणीचं पाणी फेकायचं. ताज्या पाण्यात आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, कारण या जातीच्या कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि मंद आचेवर ते जात नाही. मग मऊ होईतो शिजवायचा. टोमॅटो किंवा चिंच आधी घातली तर दाणा दडस राहतो, म्हणून आंबट शेवटी. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, पळीभर दाणे ठेचून त्यात मिसळायचे, बाकीचे पाण्यासकट ओतायचे. हे ठेचलेले दाणे म्हणजे या पदार्थाचा कणा. ते चुकले तर खाली दाणे, वर लाल पाणी.

यात एक गोष्ट जमत नाही, तीही सांगायला हवी. घेवड्याच्या पाण्याची आळणी होत नाही. ते पाणी गोडसर, मातकट असतं. भातावर एकटं उभं राहत नाही. ज्या पाककृती तेही करून दाखवतात, त्या नकलेच्या मोहात पडलेल्या असतात. उलट मटणाला न जमणारी गोष्ट घेवड्याला जमते. दुसऱ्या दिवशी रस्सा दाटतो, दाणा वाटण पिऊन घेतो आणि शिळ्या भाकरीबरोबर तो आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागतो.

नावांचंही असंच. ‘व्हेज कोल्हापुरी’ या हॉटेलातल्या भाजीनं कोल्हापूरच्या मटणाची पत उसनी घेतली आणि बदल्यात फक्त तिखट दिलं. इस्लामपूर-कऱ्हाडच्या ढाब्यांवरचा आख्खा मसूर मात्र आपल्या नावानं उभा राहिला. त्याला कुणी ‘व्हेज खिमा’ म्हणून विकलं नाही. लोक वाट वाकडी करून मसूरच खायला जातात.

यावर एक आक्षेप घेता येईल. मटण सोडलेल्या माणसाला जुन्या चवीची आठवण हवी असेल, तर तुलना करण्यात वाईट काय? काहीच नाही. आठवण खाजगी असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा ही तुलना सगळ्यांच्या वतीनं बोलू लागते. ‘मांस न खाताही तेच सुख’ या वाक्यात मांस न खाणं ही निवड आहे, असं गृहीत धरलेलं असतं. पुष्कळ घरांत ती कधीच निवड नव्हती. कधी खिशाचा प्रश्न होता, तर कधी काय खाता यावरून माणूस जोखणाऱ्या जातीचा. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकानं मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुली लिखाणात आणल्या. तेव्हापासून मराठी पाककृतीला भोळेपणानं ‘आपलं पारंपरिक जेवण’ म्हणता येत नाही. घेवड्याचा रस्सा सात्त्विक म्हणून मिरवणं आणि तो मटणाच्या जागी बसवणं, दोन्हींत तो ज्यांनी रोज खाल्ला ती माणसं गाळली जातात.

आणखी एक विनोद आहे. मिरची आणि घेवडा दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्या तांबड्या रश्श्याचा रंगही परका आणि दाणाही परका. दोघांनी कोरेगावच्या माळावर घर केलं, कारण तिथल्या माणसांनी त्यांना पेरलं, वाटलं, शिजवलं. परंपरा अशीच घडते, पातेल्यात.

तेव्हा पाककृती लिहिणाऱ्यांकडं मागणी एवढीच: शेवटचं ते वाक्य खोडा. त्या जागी दाणा किती वेळ भिजवला, कुठून आणला आणि दुसऱ्या दिवशी रस्सा कसा लागला, ते लिहा. घेवडा घेवड्यासारखा लागतो. तेवढं पुरेसं आहे.